मांडवात मागितलेली आठवी

आधी मावशीचं सांगते. निवडणूक, महापालिका, दादांचं ऑफिस, आमदारांनी कापलेली फीत, हे सगळं नंतर. त्या सगळ्यांचे फोटो बोनकोड्याच्या नाक्यावर लागले होते. मावशीचा कुठेच लागला नाही. माझी मुलगी आठवीच्या वर्गात बसली ती मावशीमुळे, आणि एवढं एक वाक्य कुणीतरी कुठेतरी लिहायला पाहिजे होतं. कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहायला बसले. माझं शिक्षण सातवी.

मावशी आमची घरमालकीण. पुढं तिचं कौलारू घर, मागं आमची पत्र्याची खोली, मधे एक शेवग्याचं झाड. ती आगरी, विधवा, नातेवाइकांनी भरलेल्या गावात एकटी राहणारी. दिवसा अंगणात जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालायची, तो विकायची, आणि लग्नसराईत धवलारीण म्हणून जायची. आमच्या मराठवाड्यात ही गोष्टच नाही, त्यामुळं मला आधी कळायचंच नाही की ही बाई लग्नात नेमकं करते काय. पुढं कळलं. आगरी लोकांच्या मांडवात विधी गाण्यातून, म्हणजे धवल्यांतून, लावते ती धवलारीण. ती गाईल तशी हळद लागते, ती थांबली की सगळे थांबतात. मोठमोठे बाप्ये तिच्यासमोर खाली मान घालून उभे राहतात. एरवी त्याच बाईला रेशनच्या दुकानात कुणी पुढं जाऊ देत नव्हतं.

आता माझं. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवी नदीच्या पलीकडं, तालुक्याला. नदीवर पूल नव्हता. पावसाळ्यात बाप म्हणाला, पाणी ओसरू दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी माझं लग्न बघितलं. सासरी नांदले, मुलगी झाली, मग नवऱ्याला इकडं बेलापूर रोडच्या पट्ट्यात रसायनाच्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही बोनकोड्याला आलो. सोसायटीतली घरं आम्हाला परवडणारी नव्हती. गावठाणातल्या खोल्या परवडायच्या. आजूबाजूला कोपरखैरण्याचे सेक्टर वाढत होते, नवे रस्ते, नव्या इमारती, इमारतींवर रात्री लाल दिवे. मी नवऱ्याला म्हणायची, एवढं शहर उभं राहतंय, आपल्या पोरीला शाळेची काळजी नाही बघा.

आणि गावातली ती शाळा सातवीपर्यंतच निघाली.

हे मला मुलगी सहावीत गेल्यावर कळलं. तोवर मी धरूनच चालले होते की शहरातली शाळा आहे म्हणजे दहावीपर्यंत असणारच. मी एवढी लांब आले, रेल्वेचा डबा, बोचकी, अनोळखी माणसं, सगळं करून आले, आणि माझ्या मुलीची शाळा तिथंच संपत होती जिथं माझी संपली होती.

लोक म्हणतील, दुसरी शाळा बघायची. बघितली. सेक्टरातली खाजगी शाळा देणगी मागत होती, आणि वर म्हणायची की आधी सोसायट्यांची मुलं, मग गावठाणाची. दुसरी एक शाळा होती ती मोठ्या रस्त्याच्या पलीकडं. त्या रस्त्यावरून उरणकडं जाणारे कंटेनरचे ट्रेलर धडधडत जायचे, आणि ओलांडायला ना सिग्नल ना पूल. गावातले मुलगे सायकली घेऊन जात होते. मुली सातवी झाल्या की घरी. कुणी त्याबद्दल काही बोलतही नव्हतं, जसं काही तो निसर्गच आहे. मला तो रस्ता बघितला की आमची नदी दिसायची.

तेवढ्यात महापालिकेची पहिली निवडणूक आली. त्याआधी गावात ग्रामपंचायत होती, ती गेली, आणि मग बराच काळ कुणीच नव्हतं. आमचा वॉर्ड बाईसाठी राखीव निघाला. गावकीची बैठक देवळासमोर बसली. गावकी म्हणजे गावातले जाणते पुरुष. ते ठरवतील त्याला सगळं गाव मत देतं. त्यांनी ठरवलं की दादांच्या बायकोला उभं करायचं. दादा म्हणजे गावातली मोठी असामी, माती-रेतीचे डंपर, चार चाळी, गळ्यात चेन.

मावशी पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बग गो. गावकीत बाया बसत नाय, पन गावकीनी बाईला उभी केली."

मी म्हटलं, "चांगलंच की मावशी, बाई असली तर मुलींचं बघेल."

"ती बगेल. तिला बगून देतील तर."

प्रचाराला दादा आमच्या गल्लीत आले. हात जोडलेले, मागं पाचपन्नास माणसं, आणि अगदी मागं डोक्यावर पदर घेतलेल्या वहिनी, म्हणजे उमेदवार. आम्ही भाडोत्री, एरवी आम्हाला कुणी विचारत नव्हतं, पण मतं तर आमचीही होती. दादांनी विचारलं, "ताई, काय अडचण असेल ती बिनधास्त बोला."

मी म्हटलं, "दादा, गावातल्या शाळेत आठवीचा वर्ग पाहिजे."

"आठवीच?" दादा मागं वळून हसले. "अरे, ह्या ताई आठवीच मागतात. ताई, दहावी करून देतो. कॉलेज आणतो. टेन्शन घेऊ नका."

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी मत दिलं. नवरा पाळीवरून थेट मतदानाला आला, न झोपता, त्यालाही मीच भरीला घातलं होतं. वहिनी निवडून आल्या. गुलाल उधळला, दादांना खांद्यावर घेतलं. निवडून आलेल्या बाईला कुणी खांद्यावर घेत नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मग सुरू झालं माझं हिंडणं.

दादांचं ऑफिस म्हणजे त्यांच्या चाळीतला पुढचा गाळा. बाहेर पाटीवर वहिनींचं नाव, त्यापुढं नगरसेविका. आत खुर्चीवर दादा. बाकड्यावर आम्ही बायका. कुणाला नळ, कुणाला गटार, कुणाचा नवरा चौकीत बसवलेला. दादा फोनवर. माझा नंबर आला की म्हणायचे, "हां, आठवी. लक्षात आहे. अर्ज द्या ठाण्याला, शाळा जिल्हा परिषदेची आहे."

ठाण्याला गेले. तिथला कारकून म्हणाला, "बोनकोडे ना? ते आता महापालिकेत गेलं. आमच्याकडं कशाला येता?"

बेलापूरला महापालिकेत गेले. तिथला साहेब म्हणाला, "शाळांचं हस्तांतर अजून झालेलं नाही. ठाण्याला विचारा."

मी म्हटलं, "ठाण्यानंच तुमच्याकडं पाठवलंय साहेब."

"तसं तोंडी सांगतात ते. लेखी आणा."

मग कुणीतरी म्हणालं, जमीन महामंडळाची आहे, तिथं वर्गखोली बांधायची तर त्यांची परवानगी. हे शहर ज्यांनी वसवलं ते सरकारी महामंडळ. त्यांची इमारत बघूनच मला घाम फुटला. तिथल्या बाईंनी नकाशावर बोट फिरवलं आणि गोड आवाजात सांगितलं की गावठाण आमच्यात येत नाही. शाळा एकाची, इमारत जी ग्रामपंचायत उरलीच नाही तिची, जमीन तिसऱ्याची, गाव चौथ्याचं. मुलगी तेवढी माझी.

आणि ह्या सगळ्यावर एक झाकण होतं. वर राज्यात सरकार बदललं होतं. ज्या टेबलाशी जावं तिथं तेच. "नवीन सरकार आलंय, धोरण ठरू द्या." मला धोरण म्हणजे काय ते कळायचं नाही, पण ते ठरेपर्यंत आपली पोर घरी बसणार एवढं कळायचं. आमदारांकडंही एकदा दादांनीच पाठवलं. ते म्हणाले, आमचं सरकार असतं तर उद्याच केलं असतं. विधानसभेच्या निवडणुकीआधी त्यांचंच सरकार होतं, तेव्हाही वर्ग सातवीपर्यंतच होता. हे माझ्या मनात आलं, तोंडात आलं नाही. मी साहेब म्हटलं की आतून आक्रसते. अजूनही.

घरी नवरा म्हणायचा, "कशाला हिंडायलीस गं उन्हातान्हात? आपलं ऐकतंय का कुणी? पायाचे तुकडे पडायलेत तुझ्या." तो वाईट नव्हता. कारखान्यातून येताना त्याचे डोळे लाल व्हायचे, त्याला फक्त कुणी त्रास देऊ नये असं वाटायचं.

एप्रिल संपता संपता मुलीचा सातवीचा निकाल लागला. चांगल्या मार्कांनी पास. मी गूळ-खोबरं वाटलं. संध्याकाळी ती पुस्तकांना लावलेले खाकी कागद काढून घड्या घालत होती. म्हणाली, "आई, मी परत सातवीतच बसू का? गुरुजी चांगले आहेत. मागं बसले तर बसू देतील."

ती हे रडत म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती विचार करून म्हणाली होती. मी उठून बाहेर शेवग्याखाली आले. मावशी जवळा गोळा करत होती. तिनं माझं तोंड बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"काय झाला गो?"

मी सगळं सांगितलं. ठाणे, बेलापूर, महामंडळ, धोरण, आणि खाकी कागद. मधे मधे रडले पण. मावशीनं सगळं ऐकून एकच विचारलं.

"तू इचारलास कोनाला?"

"दादांना. किती वेळा."

"तो कोन? निवडून तर ती आली ना?"

"मावशी, वहिनी कुठं काय बोलतात? त्या तर ऑफिसात येतच नाहीत."

"हापिसात नाय बोलत," मावशी म्हणाली. "मांडवात बोलेल." आणि पुन्हा सूप उचललं. मला वाटलं, म्हातारी काहीतरी आपलं समाधान करायला बोलतेय.

मे महिन्यात दादांच्या मोठ्या मुलाचं लग्न निघालं. आगरी लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी. सगळं गाव, शेजारची गावं, उरणकडचे पाहुणे, बेलापूरचे अधिकारी, आणि आमदार. पुढारी लग्नाला आले नाहीत तरी चालतं, हळदीला यावंच लागतं. दादांनी मैदानभर मंडप घातला होता. एका बाजूला सोफे आणि पंखे, तिथं पुढारी. मधे बायकांचा मांडव, चौरंगावर नवरदेव. आणि दादांची हौस म्हणून मावशीच्या तोंडापुढं माइक. धवले सगळ्या पंचक्रोशीत ऐकू गेले पाहिजेत, असं त्यांनीच लाइटवाल्याला सांगितलं होतं.

मला आणि मुलीला मावशीनं ओढत नेलं. "मागं नको राहूस, इथं बस." आम्ही बौद्ध. आमच्यात वंदना होते, हार घालतात, लग्न लागतं. ह्या गाण्यांतलं मला निम्मं कळायचं नाही. मी मुलीचा हात धरून खांबाजवळ बसले आणि कुणी कोण गं तुम्ही असं विचारू नये म्हणून देवाला नव्हे, नुसतीच मनातल्या मनात विनवत राहिले.

मावशी गाऊ लागली. एरवी बोलताना खरखरीत वाटणारा आवाज गाण्यात लांब जायचा, सरळ, दोरी ताणल्यासारखा. दिवेलागणीची वेळ होती. हळद वाटून झाली, वाटी पुढं आली. आणि मग ती जागा आली जिथं धवलारीण थांबते. त्यांची रीत अशी की नवऱ्याला पहिली हळद लागण्याआधी ती आपला मान मागते. गाण्यातच मागते. वरमायनं "दिला" म्हणायचं, मग हळद लागायची. मान एकच. बहुतेक वेळा लुगडं. त्याच्याआधी दोनतीन थट्टेच्या मागण्या होतात. मावशीनं त्या केल्या. आधी दादांचा डंपर मागितला. बायका हसल्या. मग नवऱ्याच्या बापाच्या गळ्यातली चेन मागितली. पार पुढाऱ्यांच्या सोफ्यांपर्यंत हशा गेला, दादांनीही चेन वर करून दाखवली.

मग ती वहिनींकडं वळली आणि गायली,

"वरमाये गो वरमाये, मान मांगते देशील काय,
गावाच्या पोरींना आटवीची शाला देशील काय."

पुन्हा हसू आलं. बायकांना वाटलं ही तिसरी थट्टा. वहिनी पण हसल्या आणि लुगड्याचं ताट पुढं करायला लागल्या. मावशीनं ताटाकडं बघितलंच नाही. ती थांबली. ढोलकीवाल्यानं दोनदा ठेका धरून बघितला, मग तोही थांबला. नवरदेव चौरंगावर तसाच, वाटीतली हळद तशीच. माइकमधून नुसतं तिचं श्वास घेणं ऐकू येत होतं, सगळ्या मैदानाला.

एक पाहुणी म्हणाली, "गा ना गो मावशी, पोराला घाम आलाय."

"मान मांगितलाय," मावशी म्हणाली.

दादा सोफ्यावरून उठून मांडवाच्या कडेला आले. हळू बोलत होते, पण माइक होता. "मावशे, काय लावलंय ह्ये? मोठी मानसं बसलीत."

"तू मांडवात नको बोलूस. पुरुसांनी नाय बोलायचा. मी तुज्याकडं काय मांगलाच नाय."

"त्याचा अर्ज दिलेला हाय, प्रोसेस चालू हाय..."

"मी हिला इचारते," मावशी म्हणाली. "नगरसेवक ही हाय. तुमीच गुलाल उधलला ना?"

मला वाटलं आता हे आपल्यावर येणार, उद्या खोली खाली करा म्हणणार. मी मुलीला घेऊन उठायला लागले तर तिनंच मला खाली ओढलं. ती वहिनींकडं टक लावून बघत होती.

वहिनींनी लुगड्याचं ताट खाली ठेवलं. त्यांचा चेहरा घामानं डवरला होता, कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, मग चौरंगावरच्या मुलाकडं. आणि म्हणाल्या, "दिली."

इतकं हळू की पहिल्या रांगेलाच ऐकू आलं असेल. मावशीनं माइक काढून त्यांच्या तोंडासमोर धरला. "ह्याच्यात बोल गो. तुमचाच हाय."

"दिली," वहिनी म्हणाल्या. "जूनपासून. आठवी दिली."

सोफ्यावरून पहिली टाळी आमदारांनी वाजवली. त्यांचं काहीच जात नव्हतं. मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि मावशीनं गाणं जिथं सोडलं होतं तिथून उचललं.

ही गोष्ट इथं संपली असती तर फार छान झालं असतं. संपली नाही. शब्द मिळाला आणि वर्ग मिळाला ह्यात किती ऑफिसं असतात ते मला माहीत झालं होतं. फरक एवढाच पडला की लग्न आटपल्यावर वहिनी माझ्या दारात आल्या, हातावरची हळद अजून पिवळी होती, आणि म्हणाल्या, "चला. तुम्हाला रस्ता ठाऊक आहे, मला नाही."

बेलापूरला जाताना गाडीत त्या एकदाच बोलल्या. "मी पण सातवीच हो." नंतर खिडकीबाहेर बघत राहिल्या. आत साहेबांनी आम्हाला बघून सवयीनं दरवाजाकडं बघितलं, मागून दादा येतील म्हणून. कुणी आलं नाही. साहेबांनी हस्तांतर सांगितलं. मग धोरण सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मांडवात दिलीय ती. परत कशी घेऊ?" आणि बसून राहिल्या. पाणी आणलं तर प्यायल्या, चहा आणला तर प्यायल्या, उठल्या मात्र नाहीत. साहेब आधी हसले, मग वैतागले, मग फोन करायला लागले. असं वहिनींनी अनेक दिवस केलं. दादा घरी काय म्हणत असतील ते त्यांनाच माहीत. कागदावर नगरसेविकेची सही लागायची ती वहिनींचीच, ती तेवढी त्यांच्याकडून कुणी काढून घेतलेली नव्हती.

शेवटी निघालं ते असं. वर्ग तात्पुरता. खोली गावातल्या समाजमंदिराची. शिक्षक शासनाची मान्यता आल्यावर.

जूनमध्ये उद्घाटन झालं. नाक्यावर बॅनर लागलं, मधे आमदार, बाजूला दादा, खालच्या ओळीत छोट्या गोलात वहिनी. त्यावर लिहिलं होतं की दिलेला शब्द पाळला. आमदारांनी फीत कापली आणि भाषणात सांगितलं की मुलींचं शिक्षण हा त्यांच्या कळकळीचा विषय आहे. दादांनी सांगितलं की त्यांनी ठाणे, बेलापूर एक केलं. मावशी मागं बायकांत उभी होती. कुणी तिचं नाव घेतलं नाही. मी मनातल्या मनात किती वेळा हात वर केला. खरा हात वर झाला नाही. मला वाटायचं, आत्ता काही बोलले आणि ह्यांनी वर्गच बंद केला तर.

वर्गात मुलीच जास्त होत्या. दोन वर्षांपूर्वी सातवी होऊन घरी बसलेल्याही आल्या. फळा होता, खडू होते, शिक्षक नव्हता. दादांना विचारलं तर म्हणाले, "शिक्षक मंत्रालयात अडकलाय." माझ्या डोळ्यांसमोर यायचं, एक माणूस हातात डस्टर घेऊन तिथल्या जिन्यात अडकून पडलाय. सातवीचे गुरुजी दोन्हीकडं पळत होते. इकडं गणित घालून द्यायचे, तिकडं कविता सांगायला जायचे. पावसाळा गेला, गणपती गेले, तेव्हा कुठं एक तरुण बाई हजर झाल्या. तोवर मी रोज दुपारी समाजमंदिराच्या खिडकीतून डोकावून यायची, पोरी आहेत ना अजून बसलेल्या, उठवल्या तर नाहीत ना कुणी.

आणि एक सांगते. त्या सगळ्या वर्षांत एका ऑफिसात मला एकच चांगला शब्द ऐकायला मिळाला. पुढच्या साली मी नववीचं विचारायला गेले, आता पुन्हा ठाणे-बेलापूर असं धरूनच. कारकून मान वर न करता म्हणाला, "आठवी सुरू आहे ना? मग नववी, दहावी नैसर्गिक वाढीनं होते. जा." मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. घरी येईपर्यंत तोंडात घोळवत आले. म्हणजे अडलेलं होतं ते एकाच जागी. ती जागा मावशीनं हलवली.

तिला काय मिळालं? तेच मला गिळता येत नाही.

त्या हळदीत तिनं लुगडं घेतलं नाही. मान एकच असतो, तिनं तो आठवीत घालवला. गावातल्या सगळ्यात मोठ्या मांडवातून ती मोकळ्या हातानं घरी आली. वहिनींनी नंतर लुगडं पाठवलं होतं, मावशीनं परत केलं. म्हणाली, दोनदा मान घेतला तर गाना खोटा होतो.

आणि पुढच्या लग्नसराईपासून तिला बोलावणी यायची कमी झाली. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. एका घरानं कॅसेट लावली. एकानं उरणकडची धवलारीण आणली, म्हणाले पाहुण्यांची ओळखीची आहे. गावातल्या बायका मला भाजीच्या गाडीशी सांगायच्या, "दादांनी काय सांगितलं नाय हो कोनाला. पन लोकांनाच भ्या वाटतो. मांडवात काय मांगेल, नेम नाय." दादांची पुढच्या निवडणुकीची तयारी चालली होती, कुणाला त्यांच्याशी वाकडं नको होतं. शेजारच्या घरी हळद असली, माइकवरून परक्या बाईचा आवाज आला, की मावशी आपल्या पायरीवर बसून जवळा निवडत राहायची.

एकदा मी न राहवून म्हटलं, "मावशी, माझ्यामुळं झालं."

"तुज्यामुलं काय? माजा गला बसलाय. आता नाय जमत."

गळा काही बसलेला नव्हता. पहाटे पाणी भरताना ती गुणगुणायची ते पत्र्यातून मला स्पष्ट ऐकू येत होतं.

मुलगी यंदा दहावीत आहे. वर्ग अजून समाजमंदिरातच आहे, इमारतीचं धोरण ठरतंय. कुणाच्या घरी बारसं-लग्न असलं की वर्गाला सुट्टी, कारण खोली तीच. मी अजून घाबरते. दर सोमवारी वाटतं की आज कुलूप दिसणार. कुणाला विचारायला गेले तर तेच बाकडं, तोच फोन, तेच टेन्शन घेऊ नका.

पण मावशीचं देणं माझ्याकडं आहे आणि ते मला ह्या कुणाकडून मागायचं नाही. आमच्या घरात आजवर कुणी दहावी झालेलं नाही, माझ्याही माहेरी नाही. ज्या दिवशी ही मुलगी दहावी होईल, मग ती पहिल्या फटक्यात होवो की दुसऱ्या, त्या दिवशी मी शेवग्याखाली मांडव घालणार. छोटा का होईना, चार बांबूंचा. पाटावर मावशीला बसवणार, गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणार, वहिनींनाही. आमच्यात ती रीत नाही, मला ते गाणं येत नाही, आणि मावशीला मी त्या दिवशी एक ओळही गायला सांगणार नाही. मुलीच्या हातानं लुगडं तिच्या ओटीत घालणार. ती नको म्हणेल, दोनदा मान घेत नाही म्हणेल. तेव्हा मी तिला सांगणार आहे की मावशी, पहिला मान तू गावाच्या पोरींसाठी घेतला होतास. तुझा अजून यायचाच आहे.